भात नको, रस्सा अजून एक वाटी

"मॅडम, घरी सगळं व्यवस्थित चालतं हो. बाहेर जेवायचं म्हटलं की घोळ होतो."

मधुमेहींसाठी समुपदेशन करताना इतकं वारंवार कानावर पडलेलं दुसरं वाक्य नाही. कधी ते नवऱ्याचं असतं, कधी बायकोचं, कधी नुकतीच शुगर निघालेल्या तिशीतल्या मुलाचं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, केलेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा 10 कोटींच्या वर गेलेला दिसला. त्यातले कितीतरी जण आठवड्यातून दोन-चार वेळा हॉटेलात, ढाब्यावर, कॅन्टीनमध्ये किंवा कुणाच्या तरी कार्यात जेवतात. डॉक्टरांनी 'भात-पोळी कमी करा' सांगितलेलं असतं, आहारतज्ज्ञांनी तक्ता दिलेला असतो. तो तक्ता घरातल्या फ्रिजवर चिकटलेला असतो आणि माणूस हॉटेलात असतो.

अशाच एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाजारात सगळे त्यांना 'साहेब' म्हणतात, मीही तेच म्हणेन. वय 52, शेतीच्या पंपांच्या विक्रीचं काम, महिन्यातले पंधरा दिवस पुण्याबाहेर. सांगली, कोल्हापूर, कराड, सोलापूर असा फिरता पट्टा. सहा वर्षांपासून मधुमेह, दोन प्रकारच्या गोळ्या चालू, आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए-वन-सी 8.6, म्हणजे हवा त्याहून बराच जास्त.

पहिल्या दोन-तीन भेटींत मी त्यांना हॉटेलातलं जेवण वाचायला शिकवलं. तेही सांगण्यासारखं आहे, कारण इथे पुष्कळ गैरसमज आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज भाकरीचा. 'पोळी सोडली, आता भाकरीच खातो' असं लोक समाधानाने सांगतात. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच असतात, आणि पचनात त्यांचीच साखर होते. भाकरीत तंतू जास्त, ती पोटाला धरून राहते, हे खरं. पण दोन मोठ्या भाकऱ्या म्हणजे कमी कर्बोदकांचं जेवण नव्हे. ढोबळ हिशेब असा ठेवा: एका मध्यम फुलक्यात 15 ग्रॅम, दीडशे ग्रॅम भाताच्या वाटीत 40 ग्रॅमच्या आसपास. हॉटेलच्या तंदुरी रोटीत पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो आणि आकाराने ती दोन फुलक्यांना भारी. म्हणजे दोन रोट्या, वर थोडा जिरा राइस आणि शेवटी गुलाबजाम एवढ्यात एका जेवणाची साखर कुठल्या कुठे जाते. आणि माणूस म्हणतो, 'मी गोड फक्त एकच खाल्लं.' उपवासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. एकादशीला रक्तातली साखर का चढली, याचं कोडं पडायचं कारण नाही.

साहेबांच्या पट्ट्यात मात्र पर्यायांची चंगळ होती. कोल्हापुरात मटण सुक्कं, तांबडा आणि पांढरा रस्सा यांत कर्बोदकं थोडीच, सगळा भार सोबतच्या भाकरी-भाताचा. मालवणी खानावळीत सुरमई किंवा बांगडा रवा न लावता तव्यावर करून मागता येतो, सोबत सोलकढी. पंजाबी हॉटेलात पनीर टिक्का, तंदुरी चिकन, पालक पनीर, अंडा भुर्जी चालेल. मखनी आणि कोफ्त्याच्या गोडसर ग्रेव्हीत काजू असतात आणि पुष्कळदा साखरही, त्या लांबच बऱ्या. चायनीजमधली दाट ग्रेव्ही आणि कुरकुरीत आवरण कॉर्नफ्लोअरचं, म्हणजे मक्याच्या पिष्टाचं. उडप्याकडे गेलात तर इडली, डोसा, उपमा हे तांदूळ-रव्याचेच भाऊबंद, तिथे हात आखडता घ्या. मिसळ खायचीच तर पाव बाजूला, शेव-फरसाण चिमूटभर आणि मटकी वाढवून. मटकीतही कर्बोदकं असतात, पण सोबत प्रथिनं आणि तंतूही येतात. लस्सीऐवजी ताक, साखर न घातलेलं, हे मुद्दाम बजावून.

आणि जेवायचा क्रम. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2015 साली अकरा मधुमेहींवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. जेवण तेच, फक्त भाजी आणि चिकन आधी आणि ब्रेड-ज्यूस शेवटी घेतला, तर तासाभरानंतरची साखर एक तृतीयांशाहून जास्त कमी भरली. अकरा माणसं म्हणजे फार नव्हेत, पण उपाय फुकटचा आहे. हॉटेलात काकडी-टोमॅटो-कांद्याची बशी पहिली मागवावी आणि ती येईपर्यंत रोटीची ऑर्डर देऊच नये. भुकेच्या पहिल्या दहा मिनिटांत जे समोर येतं, तेच पोटभर खाल्लं जातं.

साहेब सगळं वहीत लिहून घ्यायचे. प्रश्नही चांगले विचारायचे. आणि दौऱ्यावरून परत आले की मान खाली घालून बसायचे.

"काय झालं?"

"काही नाही. सगळ्यांनी थाळी मागवली, मीही मागवली."

"मग भात-रोटी नको म्हणून सांगितलंत?"

"ते नाही जमलं."

चौथ्या भेटीत मी वही मिटायला सांगितली. म्हटलं, "साहेब, मी वेटर. समोर तुमचे तीन डीलर बसलेत. द्या ऑर्डर."

ज्या माणसाने आयुष्यभर अनोळखी दुकानात शिरून पंप विकले, तो माणूस माझ्यासमोर गप्प बसला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अर्धं मिनिट गेलं असेल. समुपदेशकाला अशा वेळी बोलायची फार घाई होते. मी ती केली नाही, आणि ते मौन आजही माझ्या लक्षात आहे.

मग ते हळूच म्हणाले, "लगेच विचारतील ना, शुगर आहे का म्हणून."

"विचारलं तर?"

"मॅडम, तुम्हाला आमचा बाजार माहीत नाही. शुगर निघाली म्हणजे माणूस ढिला झाला असं धरतात. उद्या हे साहेब टिकतील का, असं वाटलं की दुसऱ्या कंपनीचा माल लावतात."

"सहा वर्षांत किती जणांना सांगितलंत?"

"बायकोला. आणि तुम्हाला."

त्या क्षणी मला माझीच चूक दिसली. तीन भेटी मी त्यांना भाताचे ग्रॅम शिकवत होते आणि ते भात खात होते तो भुकेपोटी नव्हे, चवीपोटीही नव्हे. चारचौघांत पोटभर भात खाणं हा त्यांचा धडधाकटपणाचा दाखला होता. प्रत्येक जेवणात ते तो दाखला सादर करत होते. अशा माणसाला आणखी माहिती देऊन काय होणार? माहिती त्यांच्याकडे माझ्याइतकीच होती.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले आणि इतक्या वर्षांनंतरही माझा भरवसा तिच्यावरच आहे. 1955 च्या सुमारास एलिसने मांडलेलं सूत्र मी मराठीत एका अक्षरात सांगते: वाक्यातला 'च' पकडा. 'लोकांनी मला धडधाकट समजावं' ही इच्छा झाली. 'समजलंच पाहिजे' हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो. हट्ट पुरा न होण्याची नुसती शंका आली तरी त्याला घाम फुटतो. मी साहेबांना त्यांचं वाक्य कागदावर लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'मी सगळ्यांसारखं खाल्लंच पाहिजे, नाहीतर संपलं.'

"संपलं म्हणजे काय काय संपेल? एकेक सांगा."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एखादा डीलर सुटेल. कदाचित. मागे कुणी बोलेल. बोलेल. नोकरी जाईल? जरा थांबले. "नाही, नोकरी नाही जाणार." आणि आत्ता चाललंय तसं चालू राहिलं तर? हे मी विचारलं नाही. 8.6 चा कागद त्यांच्या खिशातच होता.

पण कागदावर खोडलेला 'च' हॉटेलात पुन्हा उभा राहतो. तो कृतीनेच जातो. एलिस स्वतः वयाच्या 19व्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचा. मग त्याने ठरवून महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या शंभरावर स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला. भेटायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. पण त्याची भीती गेली. साहेब हे ऐकून पहिल्यांदा मोकळे हसले. "म्हणजे मला कोल्ड कॉल करायला सांगताय," ते म्हणाले. म्हणजे ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला थेट जाऊन विचारणं. अगदी तेच.

डीलरांपुढे लगेच नाही. आधी एकट्याने तीन वेगवेगळ्या हॉटेलांत जायचं, थाळी मागवायची आणि मोठ्याने म्हणायचं: 'भात नको, रोटी एकच, त्याऐवजी उसळ किंवा रस्सा अजून एक वाटी.' कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, 'डॉक्टरांनी सांगितलंय हो' असं पुटपुटायचं नाही.

पुढच्या भेटीत मी विचारलं, वेटर काय म्हणाला?

"म्हणाला, पैसे तेवढेच लागतील."

"मग?"

"मग काय, द्या म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी तर तेही नाही म्हणाला. वाटी आणून ठेवली आणि गेला."

'पैसे तेवढेच लागतील' हे वाक्य मी आता कितीतरी जणांना सांगते. अनलिमिटेड थाळीत पैसे वसूल करण्याची जी तळमळ असते, तिच्यावरही ते लागू पडतं. चारशे रुपये जेवणाआधीच गेलेले असतात. जास्तीच्या चार पुऱ्या खाऊन त्यातला एक रुपयाही परत येत नाही.

खरी परीक्षा कोल्हापुरात झाली. पाच डीलर, मटण थाळी, आणि साहेबांनी त्यांचं वाक्य म्हटलं. एक जण लगेच म्हणाला, "अहो, भाताशिवाय जेवण असतंय होय?" दुसऱ्याने विचारलं, "शुगर आहे काय?" साहेब म्हणाले, "आहे. सहा वर्षं झाली. रस्सा फर्मास आहे आज." कुणीतरी आपल्या मेहुण्याच्या शुगरबद्दल दोन वाक्यं बोललं आणि गप्पा एका थकलेल्या बिलावर गेल्या.

"मॅडम, खरं सांगू? मला जरा वाईटच वाटलं. सहा वर्षं जीव मुठीत धरून जे लपवलं, त्याला त्यांनी दोन मिनिटंसुद्धा दिली नाहीत."

हे ऐकताना मला जे वाटलं, त्यासाठीच मी हे काम करते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. सांगलीच्या एका लग्नात आग्रहाची एक जिलेबी झाली आणि पाठोपाठ पाच. 'एकदा मोडलंच, मग काय' म्हणून मसालेभातही. हाही 'च'च, फक्त दुसऱ्या अंगाने आलेला. मी त्यांना एवढंच विचारलं, "गाडीचं एक चाक पंक्चर झालं तर बाकीची तीन तुम्ही स्वतः फोडता का?" एक जिलेबी ही एक जिलेबी आहे. पुढचा घास पुन्हा तुमच्याच हातात असतो. याच कारणासाठी 'चीट डे' हा शब्द मी माझ्या खोलीत वापरू देत नाही. जेवणात फसवणूक कसली? त्या शब्दाने अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलेला माणूस हमखास जास्त खातो.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. कर्बोदकं कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक भात-पोळी सोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यात संध्याकाळी परमिट रूममध्ये बसून, नुसत्या चकण्यावर दारू घेतली तर धोका आणखी वाढतो, आणि सोबतच्यांना वाटतं याला चढलीये. घाम, थरथर, गोंधळ ही साखर उतरल्याची खूण असू शकते, तेव्हा लगेच साखर-पाणी घ्या. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत, त्या चालू असताना कर्बोदकं जवळपास बंद करणं हाही वेगळा धोका आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मटण-पनीर किती, हेही डॉक्टरांनीच ठरवायचं. साहेबांच्या डॉक्टरांनी एक गोळी आधी निम्मी केली आणि मगच आम्ही थाळीतली रोटी एकीवर आणली. मी त्यांना शून्यावर जायला कधीच सांगितलं नाही. फिरतीच्या माणसाला वर्षानुवर्षं पाळता येईल एवढंच पथ्य खरं.

पाच महिन्यांनी एचबीए-वन-सी 7.1 आला. कागद त्यांनी टेबलावर ठेवला, पण सांगितलं ते दुसरंच. कराडच्या एका खानावळीतला पोऱ्या आता त्यांना बघून स्वतःच ओरडतो, 'साहेबांचा भात नको, रस्सा दोन!' आणि भरल्या खानावळीत ते ऐकताना त्यांची मान खाली जात नाही.

आमची पुढची भेट एप्रिलच्या शेवटी आहे. आमरस-पुरीच्या थाळीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवलाय.