अपंगांच्या जागेचा दंड: दाद मागावी का?

प्रश्न: इंग्लंडमध्ये अपंगांच्या राखीव जागेत पाचच मिनिटं गाडी लावली, काउन्सिलचा दंड आला. मला अपंगत्व नाही. दाद मागू का?

उत्तर: खांबावर पाटी होती आणि ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंग परवाना, असलेला माणूस सोबत नव्हता, तर मागू नका. १४ दिवसांत भरा, दंड निम्मा होतो. ‘पाचच मिनिटं’ हे कारण टिकत नाही; दहा मिनिटांची सवलत परवानगीची मुदत संपल्यावर मिळते, तुम्हाला मुळात परवानगीच नव्हती. वाहनतळात शेजारची १.२ मीटरची रेघांची पट्टी मोकळी दिसते खरी, पण दार सताड उघडून व्हीलचेअर लावायला तीच लागते. ती अडली की माणूस गाडीतच अडकतो.

रस्त्यावर नुसती रंगवलेली, पाटी नसलेली जागा मात्र बहुधा विनंतीवजा असते, कायद्याने बंधनकारक नसते. तिथे जरूर लढा. खांब आणि रेघा एकाच फोटोत घ्या, १४ दिवसांत लेखी हरकत पाठवा. फेटाळली, तर गाडीमालकाला नोटीस येते. उत्तराला २८ दिवस. त्यानंतर न्यायाधिकरण, तिथे फी नाही.

घरी आजोबांचा ब्लू बॅज असला, तरी तो त्यांच्याशिवाय वापरू नका. त्याला १००० पौंडांपर्यंत दंड आहे.