हसण्याच्या फिटवर लेझर: आमच्या लेकीचा अनुभव

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाला हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमा (मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस या भागातली जन्मजात गाठ, जिच्यामुळे फिट येतात) निघालाय, औषधं लागू पडत नाहीत, डॉक्टर रोबो वापरून लेझर करू म्हणतात आणि रोबो चुकला तर या धास्तीने तुमची झोप उडालीये. आमच्या लेकीचं हेच ऑपरेशन ती सात वर्षांची असताना इथे टेक्सासमध्ये झालं. तिलाही हसण्याच्याच फिट यायच्या. झोपेत एकदम खुदखुदायची, आणि डोळे उघडले की त्यांत नुसती भीती. दोन वर्षं आम्ही तो खोडकरपणा समजत होतो, त्याचं आजही वाईट वाटतं.

रोबोचं काम नेम धरण्यापुरतं. स्कॅनवर आखलेल्या रेषेत त्याचा हात स्थिर उभा राहतो. भोक सर्जनच पाडतात आणि त्यातून जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची नळी गाठीपर्यंत सरकवतात. नळीतल्या लेझरच्या उष्णतेने गाठ जाळतात. खरी राखण एमआरआय करतो. आत कुठे किती तापलंय ते दर काही सेकंदांनी पडद्यावर दिसतं. शेजारी नजरेचे आणि स्मरणशक्तीचे नाजूक भाग असतात. तिथे आधीच खुणा करतात. ठरवलेल्या तापमानाच्या वर गेलं की लेझर आपोआप बंद पडतो.

ह्यूस्टनच्या ७१ रुग्णांच्या अहवालात वर्षभराने ९३ टक्के जणांच्या हसण्याच्या फिट थांबल्या होत्या. पण जवळपास चौघांतल्या एकाला लेझर पुन्हा करावा लागला. आमच्याही लेकीला दुसऱ्यांदा लागला, तेव्हा तेवढी मनाची तयारी ठेवा.

पट्टी काढली तर तांदळाच्या दाण्याएवढी जखम, एकच टाका. तेवढ्यावरून ऑपरेशन हलकं समजू नका. शरीरातलं पाणी सांभाळणारं हार्मोन मेंदूच्या याच भागात तयार होतं. नर्स रात्रभर लघवी मोजत होती, सोडियम पुन्हा पुन्हा तपासत होती. तुमच्याकडे हे कोण बघणार, हार्मोनचे डॉक्टर सोबत असतील का, हे आधी विचारा. स्मरणशक्तीची चाचणीही ऑपरेशनआधी करून घ्या, म्हणजे नंतर ताडून बघता येतं.

औषधं लगेच बंद होत नाहीत. आमची दीड वर्षाने, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू कमी झाली. फिटचे व्हिडिओ मात्र आजपासून तारीखवार ठेवा, रात्रीचे तर नक्कीच. आमच्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तेच बघितले होते.