पहिला निबंध परिषदेला पाठवताना

आधी परिषदांचं चक्र समजून घ्या. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासाची जागतिक परिषद दर चार वर्षांनी भरते. २०२५ची न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला झाली. अमेरिकेतल्या विज्ञान-तत्त्वज्ञांच्या संघटनेचं अधिवेशन दोन वर्षांनी, सहसा सम वर्षी. सारांश मात्र कितीतरी महिने आधी मागतात.

सारांशात विषयाची थोरवी सांगत बसू नका. प्रश्न काय, कोणती कागदपत्रं पाहिलीत, त्यातून काय निघतं, एवढंच. ‘न्यूटन आणि समाज’ असलं मोघम शीर्षक नको. १९३१ साली लंडनच्या परिषदेत सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ बोरिस हेसेन यांनी न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाची नाळ त्या काळच्या जलवाहतूक, खाणी आणि तोफांच्या गरजांशी जोडली. तो निबंध आजही वाचला जातो, कारण त्यात भांडता येईल असा ठाम दावा आहे. (मला तो पूर्ण पटत नाही, तरी नवख्यांना तोच आधी वाचायला सांगते.)

वीस मिनिटं मिळाली तर सोळा मिनिटांचंच लिहा. प्रश्नोत्तरांचा वेळ खाऊ नका. माझ्या पुढच्या दोन लेखांची दिशा मला तिथेच सापडली. आणि इतिहासाचे असाल तर तत्त्वज्ञानाच्या एखाद्या सत्रात मुद्दाम जाऊन बसा.