साडेचार फुटांच्या सांदीत सागवानाची शेड: आधी सर्वांत लांब फळी फिरवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावचं जुनं घर उतरवलं, त्यातून साधारण ४० घनफूट सागवान निघालं. त्यात फळ्या आहेत, वासे आहेत, दोन-तीन तुळया आहेत आणि सर्वांत लांब नग ११ फुटांचा आहे. नागपुरातल्या घराच्या बाजूला, घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये साडेचार फूट रुंद आणि २२ फूट लांब सांदी आहे. तिथे हे लाकूड ठेवायला शेड बांधता येईल का? वेल्डिंगवाला म्हणतो, चारही बाजूंनी पत्रा मारून दार लावून देतो.

शेड बांधता येईल. पण दार लावू देऊ नका आणि चारही बाजू तर अजिबात बंद करू नका. मी फर्निचरचं काम करतो, घर नागपुरातच मानेवाड्याकडे आहे आणि माझी सांदी तुमच्यापेक्षाही अरुंद, चार फुटांची आहे. तिथे मी शेड दोनदा बांधली. पहिली अशीच पत्र्याच्या कपाटासारखी होती.

त्या पहिल्या शेडमध्ये मी फेब्रुवारीत सागाच्या फळ्या एकीवर एक रचल्या, कुलूप लावलं आणि निश्चिंत झालो. ऑगस्टमध्ये सांदीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. चेंबरचं झाकण नेमकं शेडच्या खाली होतं, कारण बांधताना मला फक्त रिकामी जागा दिसली होती. भर पावसात दोन माणसं लावून सगळं लाकूड बाहेर काढावं लागलं. तेव्हा कळलं की चेंबर तुंबलं ते एका अर्थी बरंच झालं. खालून चौथी फळी उचलली तर दोन फळ्यांच्या मध्ये पांढरी, कापसासारखी बुरशी पसरलेली. बोट फिरवलं की ओलसर पीठ लागायचं. पाणी तर कुठूनच आत आलं नव्हतं. तो ओलावा हवेतलाच होता, फक्त त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

आपल्या नागपुरात लाकडाचे दोन टोकांचे हाल होतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत तेच लाकूड हवेतून ओलावा पिऊन सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत जातं. आठ इंच रुंदीची सागाची फळी या दोन टोकांमध्ये सहज दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होते. हे थांबवणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच आहे की हा बदल सावकाश व्हावा आणि फळीच्या दोन्ही तोंडांना सारखा व्हावा. त्यासाठी वर छप्पर, खाली मोकळी जागा आणि चारही बाजूंनी खेळती हवा लागते. बंद पत्र्याचं कपाट मे महिन्यात भट्टी होतं आणि ऑगस्टमध्ये माठ.

आता तुमच्या जागेचं बघू. अरुंद सांदीत खरी अडचण लाकूड ठेवण्याची नसते, ते आत नेण्या-आणण्याची असते. म्हणून वेल्डिंगवाल्याला बोलावण्याआधी ११ फुटांचा एक बांबू घ्या. कंपाउंडच्या बाजूने २१ इंच जागा रॅकला जाईल असं समजून जमिनीवर चुन्याची रेघ मारा. उरलेल्या पावणेतीन फुटांतून तो बांबू गेटपासून सांदीच्या टोकापर्यंत न्या आणि परत आणा. समोरच्या अंगणाची रुंदी पाच फूट असेल, तर कोपऱ्यावर ११ फुटांचा नग आडवा वळणार नाही, थोडक्यासाठी अडेल. एक टोक वर उचललं की निघेल. पण त्यासाठी त्या कोपऱ्यावर डोक्यावर पत्रा असून चालणार नाही. म्हणून १२ फुटांचा रॅक सांदीच्या मागच्या टोकाला घ्या आणि कोपऱ्याकडचे दहा फूट उघडे ठेवा. माझ्याकडे हे गणित दुसऱ्या वेळी सुधारलं. पहिल्या वेळी मोठी तुळई कंपाउंडवरून, शेजाऱ्यांच्या अंगणातून आत घ्यावी लागली होती.

याच कारणाने रॅकला समोर खांब नकोत. समोर खांब आले की प्रत्येक नग लांबीच्या दिशेने ओढून काढावा लागतो, म्हणजे ११ फुटांच्या नगासाठी रॅकच्या पुढे पुन्हा ११ फूट मोकळी जागा हवी. तुमच्याकडे सांदीत ती दहाच उरते. खांब फक्त मागे, कंपाउंडच्या बाजूला घ्या आणि त्यांना घराच्या दिशेने हात, म्हणजे आडवे पाइप, काढा. मग फळी बाजूला सरकवून खांद्यावर घ्यायची आणि चालत बाहेर यायचं. मधली एखादी फळी हवी असली तर सगळा ढीग उपसावा लागत नाही. रोज लाकडाशी काम असणाऱ्याला हे सुख किती मोठं आहे ते काम करणारालाच कळतं.

घराच्या भिंतीला रॅक लावू नका असं मी सांगतो त्याची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे खिडक्या, आणि खिडकी म्हटली की आपल्याकडे कूलर आला. कूलर सांदीत दोन-अडीच फूट बाहेर येतो. त्याच्यासमोर रॅक आला तर उन्हाळ्याचे तीन-चार महिने माणूस आडवा होऊनही जाणार नाही. शिवाय कूलरच्या ताट्यांतून गळणारं पाणी खालच्या लाकडावर उडतं आणि लाकडाचा भुसा ताट्यांत जाऊन बसतो. म्हणून रॅकची जागा कूलरची खिडकी सोडून धरा. दुसरं कारण पायाचं. घराच्या भिंतीला लागून खड्डा खणला की घराच्या पायाचा बाहेर आलेला भाग लागतो, त्याला हात लावायचा नसतो.

मापं अशी धरा. सागवानाचं वजन घनफुटाला साधारण १८ किलो, म्हणजे तुमचं ४० घनफूट लाकूड सव्वासातशे किलोच्या आसपास जाईल. पावसाळ्यातला ओलावा आणि पुढे घ्याल ते लाकूड धरून एक टनाची तयारी ठेवा. कंपाउंडपासून तीन इंच सोडून दोन इंची चौकोनी पाइपचे पाच खांब, तीन मिलिमीटर जाडीचे, अडीच-अडीच फुटांवर. एखाद्या खांबाखाली चेंबर किंवा पाइपलाइन येत असेल तर खांब सहा इंच इकडे-तिकडे सरकवा, पण झाकण मोकळंच ठेवा. प्रत्येक खांबाला १६ इंचांचे पाच हात, दीड इंची पाइपचे. पहिला हात जमिनीपासून एक फुटावर, पुढचे एकेक फुटाने. हाताचं पुढचं टोक अर्धा इंच वर ठेवायला सांगा, म्हणजे फळी पुढे घसरत नाही. वेल्डिंग चारही बाजूंनी आणि हाताखाली छोटी तिकोनी पट्टी. यात कसर करू देऊ नका. कारण वरची फळी काढायला कोणी ना कोणी खालच्या हातावर पाय देतोच.

या बांधणीत लाकडाचा भार खांबांना घराकडे झुकवायला बघतो. त्याला आधार छपराचाच मिळतो. प्रत्येक खांबाच्या डोक्यावरून एक पाइप घराच्या भिंतीपर्यंत न्यायचा आणि अँकर फास्टनरने बसवायचा. तो पत्राही धरतो आणि खांबालाही रोखतो. कंपाउंडच्या भिंतीवर मात्र काहीही टेकवू नका. बहुतेक कंपाउंड साडेचार इंचीच असतात, ती स्वतःचाच तोल कशीबशी सांभाळतात.

पायाला काळी माती लागली तर ती पूर्ण काढून मुरुमापर्यंत जा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, एका वर्षात खांब तिरके होतात. माझ्याकडे अडीच फुटांवर मुरूम लागला. दीड फूट बाय दीड फुटाचा काँक्रीटचा ठोकळा, त्यात फाउंडेशन बोल्ट आणि त्यावर खांबाची प्लेट. बोल्टवर घ्या म्हणतो, कारण घराच्या बाजूची समासाची जागा नियमाने मोकळी ठेवायची असते. काम सुरू करण्याआधी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात, किंवा लेआउट नागपूर सुधार प्रन्यासकडे असेल तर तिथे, विचारून घ्या. उद्या काढायची वेळ आली तर पाना लावून शेड उतरवता येते.

छपराला बाजारात मिळणारा १२ फुटी कलर कोटेड पत्रा घ्या आणि त्याचे चार-चार फुटांचे तीन तुकडे करा. दोन पत्र्यांत सहा तुकडे होतात, तुमच्या रॅकला पाच पुरतात. पत्र्यावरच्या नाल्यांची दिशा घराकडून कंपाउंडकडे. घराच्या बाजूला खिडकीचा सज्जा असेल तर पत्रा त्याच्या खाली सरकवा, म्हणजे भिंतीतून पाणी उतरायचा प्रश्नच येत नाही. सात फुटांवरून सुरू करून कंपाउंडकडे साडेसहावर आणा, चार फुटांत सहा इंच उतार पुरेसा आहे. पाणी शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून शेवटी पन्हळ लावा आणि ती आपल्याच नालीत सोडा. स्क्रू रबरी वॉशरचे, पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेले, आणि नेहमीपेक्षा जास्त. पावसाआधीची वादळं आपल्याकडे पत्र्याचा तुकडा कुठल्या कुठे नेतात, हे प्रत्येक नागपूरकराने पाहिलं आहे.

कंपाउंड पाच फूट असेल तर त्याच्या वरचा फूट-दीड फूट मागून उघडा राहतो. तिथे पत्र्याची एक पट्टी मारा, पण छपराखाली चार इंच फट सोडा, गरम हवा तिथून निघते. घराकडच्या बाजूला काहीच नको. झडीच्या दिवसांत ताडपत्री सोडायची आणि पाऊस थांबला की लगेच गुंडाळायची. एप्रिल-मे मध्ये, सांदीत दुपारचं ऊन येत असेल तर हिरवी जाळी बांधा. फळ्या ऊन आणि लू यांनीच जास्त तडकतात.

लाकूड रचण्याआधी प्रत्येक नग तपासा. जुन्या घराच्या लाकडात खिळे असतात, ते आत्ताच काढा, नाहीतर लकडगंजच्या आरामशीनवर कोणी हात लावणार नाही. सागाचा आतला तपकिरी भाग वाळवीला, म्हणजे आपल्या उधईला, फारशी दाद देत नाही. पण कडेचा पांढरा भाग ती आनंदाने खाते. तिथे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर तो घुण आहे. असा नग रॅकवर चढवू नका, पांढरा भाग तासून काढा आणि काही आठवडे वेगळा ठेवून भुकटी पुन्हा पडते का ते बघा. जमिनीपासून एक फूट मोकळं ठेवायचं ते याचसाठीही आहे. उधई खांबावरून मातीची नळी करत चढते आणि मोकळ्या जागेत ती पहिल्याच दिवशी दिसते. माझी बायको रोज सकाळी सांदी झाडते. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या खांबावर पेन्सिलएवढी नळी तिलाच दिसली. एका बोटाने पुसली आणि त्याच दिवशी औषध मारून घेतलं. आधीच्या शेडमध्ये ती नळी कुठे चढली असती ते मला कळलंही नसतं.

रचताना दर थराला पाऊण इंची पट्ट्या आडव्या टाका, रॅकच्या हातांच्या बरोबर वर, आणि सगळ्या थरांच्या पट्ट्या एकाच रेषेत, एकीखाली एक. पट्टी जरा सरकली की फळीला तिथे बाक येतो आणि तो मग रंध्याने जात नाही. तुळया खाली, फळ्या मध्ये, हलके वासे वर. ताज्या कापलेल्या टोकांना ऑइल पेंटचा जाड हात द्या, ओलावा टोकांतूनच सर्वांत वेगाने जातो आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

आणखी एक, गावाहून लाकूड अजून आणलं नसेल तर. सागवान रस्त्याने आणायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. घर उतरवलेल्या जुन्या लाकडासाठी कोणते कागद हवेत ते गावच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा, ट्रक भरल्यावर नाही. ते कागद आणि घर उतरवतानाचे फोटो जपून ठेवा. पुढे यातून दार-खिडक्या करून दुसरीकडे न्यायच्या झाल्या तरी ते उपयोगी पडतात.

काम दिवाळीनंतर काढा. जमीन वाळलेली असते, खड्डा नीट खणता येतो, आणि उन्हाळ्याआधी लाकडाला छपराखाली तीन-चार महिने मिळतात. तोवर तो बांबू फिरवून बघा. कोपऱ्यावर कुठे अडतो आणि चेंबर कंपाउंडपासून किती इंचांवर आहे ते इथेच लिहा, त्यावरून खांबांच्या जागा सांगतो.