आवाज कमी ठेवून इअरबड्स घातले, तर दुचाकी चालवायला हरकत आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, चिंचवडहून हिंजवडीला रोज दुचाकीने जाताना हेल्मेटच्या आत इअरबड्स घालून कमी आवाजात गाणी ऐकली आणि मधूनमधून आलेला फोन घेतला, तर त्यात धोका आहे का, आणि कायद्याने तो गुन्हा ठरतो का. माझे उत्तर स्पष्ट आहे. आवाज कितीही कमी असला, तरी दोन्ही कान बंद करून वाहन चालवू नये. आणि फोनवरचे बोलणे तर कान मोकळे असले तरी टाळावे. मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. शिकायला येणारी तरुण मुले हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन्ही कानांपर्यंत तो पोहोचण्यात पडणाऱ्या अत्यंत सूक्ष्म फरकावरून मेंदूला कळते. तो समोरून आला की मागून, हे मात्र मुख्यतः बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळे समजते. हेल्मेटमुळे ही क्षमता आधीच थोडी कमी झालेली असते, आणि त्यात कानाच्या तोंडाशी इअरबड बसला की हॉर्न ऐकू येऊनही तो कोणत्या बाजूचा आहे हे लगेच उमगत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते, त्यामुळे चुकीच्या बाजूला पाहण्यात गेलेला एक सेकंददेखील फार महाग पडू शकतो. बाहेरचा गोंगाट कमी करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनचे इअरबड्स मला अधिकच धोक्याचे वाटतात, कारण हे तंत्र सर्वांत चांगले चालते ते सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर. आणि मागून अगदी जवळ आलेल्या बसच्या किंवा डंपरच्या इंजिनाचा आवाज नेमका तसाच असतो.

‘आवाज कमी ठेवतो’ ही अट पाळणेही प्रत्यक्षात अवघड आहे. सिग्नलला उभे असताना जो आवाज पुरेसा वाटतो, तो वेग वाढल्यावर वाऱ्यात हरवतो, आणि चालक नकळत तो वाढवतो. ताशी 100 किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. त्यावर मात करणारे गाणे ऐकायचे म्हणजे रस्ता तर ऐकू येत नाहीच, शिवाय रोजच्या रोज कानांवरही ताण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला 40 तास 80 डेसिबल अशी आहे, आणि आवाज वाढत जाईल तशी ही मुभा झपाट्याने कमी होते.

आपल्याकडच्या रस्त्यांवर कानांना जे काम असते, ते शिस्तबद्ध रहदारीच्या देशांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. येथे ओव्हरटेक करणारा हॉर्न देऊन साईड मागतो, अनेक दुचाकींना आरसे नसतात किंवा ते आत वळवलेले असतात, आणि डावीकडून घुसणारी रिक्षा बहुतेक वेळा आधी ऐकू येते आणि मग दिसते. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून कासकडे जाताना धुके इतके उतरते की समोरचे वळण दिसत नाही. अशा वेळी मी शिकणाऱ्याला काच खाली करायला लावतो, प्रत्येक वळणाआधी हॉर्न द्यायला सांगतो आणि पलीकडून उत्तर येते का ते ऐकायला सांगतो. आपली स्वतःची गाडीही बोलत असते. चढाला गाडी गिअर मागते ते इंजिनाच्या गुदमरलेल्या आवाजावरून कळते, सैल झालेली चेन खडखडते, ब्रेक लायनर संपत आले की ते करकरतात. दुचाकीवर हे सारे वेळेवर कानी पडणे म्हणजे निम्मी देखभाल आहे.

26 एप्रिल 2018 रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातील एका मानवरहित रेल्वे फाटकावर शाळेच्या व्हॅनला रेल्वेगाडीची धडक बसून 13 मुले दगावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे तेव्हा प्राथमिक माहितीच्या आधारे सांगण्यात आले होते. रेल्वेच्या इंजिनाचा भोंगासुद्धा आपल्या कानांपर्यंत न पोहोचण्याची शक्यता निर्माण करणारी वस्तू चालकाने मुळात वापरावीच का, असे मला मनापासून वाटते.

फोनच्या बाबतीत कानांपेक्षा लक्षाचा प्रश्न मोठा आहे. टोरांटोमधील चालकांचा 1997 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होती, आणि हँड्स-फ्री साधन वापरणाऱ्यांना त्यात काही फायदा दिसला नाही. हात मोकळे राहिले तरी मन संभाषणात गुंतते. डोळे रस्त्यावर असूनही समोरचे नोंदले जात नाही. शेजारी बसलेली व्यक्ती अवघड वळणावर आपोआप बोलायची थांबते, फोनवरच्या व्यक्तीला मात्र आपल्यासमोर काय आले आहे ते दिसत नाही.

कर्णबधिर व्यक्तींनाही वाहन परवाना मिळतो, मग आम्हीच का नाही, असा युक्तिवाद काही जण करतात. तो वरवर बिनतोड वाटतो. पण कर्णबधिर चालक आपल्याला ऐकू येत नाही हे गृहीत धरूनच आरसे पाहण्याची आणि मान वळवून बघण्याची सवय लावून घेतो, आणि त्याच्या कानात लक्ष वेधून घेणारे दुसरे काहीही चाललेले नसते. कारच्या स्पीकरवर बेताच्या आवाजात लावलेली गाणी हीदेखील वेगळी गोष्ट आहे, कारण तेथे कान उघडे असतात.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवण्याची व्याख्या आहे. 2019 च्या दुरुस्तीने त्यात हातात धरून वापरायच्या संपर्क साधनांचा उल्लेख आला. हेडफोनचे नाव तेथे नाही. मात्र सक्षम व दक्ष चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या फार खाली जाऊन वाहन चालवणेही त्याच कलमात येते, त्यामुळे ‘फोन हातात नव्हता’ एवढ्यावर सुटका होईलच असे समजू नये. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंडाचे कलम स्वतंत्रच आहे, आणि सायरन ऐकू आला नाही ही सबब तेथे उपयोगी पडणार नाही. फ्रान्समध्ये 1 जुलै 2015 पासून वाहनचालकांना, अगदी सायकलस्वारांनाही, कानात इअरफोन घालण्यास बंदी आहे.

आपल्याला रस्ता दाखवणारा आवाज हवाच असेल, तर एकाच कानात, नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून, फक्त तेवढाच ऐकावा, आणि निघण्यापूर्वी मार्ग एकदा नीट पाहून घ्यावा. घरच्यांना व कार्यालयाला आपली प्रवासाची वेळ सांगून ठेवावी; तरीही फोन वाजत राहिला, तर इंडिकेटर देऊन गाडी पूर्ण कडेला घ्यावी, स्टँडवर लावावी आणि मगच बोलावे. हे सर्व करूनही हिंजवडीला पोहोचायला फार तर पाच-सात मिनिटे जास्त लागतील.