नेटमध्ये नो-बॉल कोण बघतं?

प्रश्न : विश्रामबागेतला आमचा क्लब रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ नेट लावतो. नेट 2, खेळाडू 16. ओपनर अर्धा-अर्धा तास खेळतात, खालच्यांच्या वाट्याला पाच-सहा बॉल. नेटमध्ये झकास टाकणारे बोलर मॅचमध्ये आखूड टाकतात. काय चुकतंय?
– क्लबचा कप्तान, सांगली

उत्तर : आधी बोलरचे पाय बघा. नेटमध्ये अंपायर नसतो, रेघ पुसलेली असते. दहा-बारा बॉल झाले की पाय फूटभर पुढं सरकतो आणि टप्पा तिथूनच बसतो. मॅचमध्ये पाय रेघेमागं आला की तोच बॉल फूटभर आखूड पडतो. बोलरच्या बाजूलाही स्टंप लावा, त्यांच्यापुढं 4 फुटांवर चुन्याची रेघ मारा. पुढच्या पाळीचा बॅट्समन पॅड-हेल्मेट घालून अंपायरच्या जागी उभा राहू दे. त्यानं प्रत्येक नो-बॉल मोठ्यानं सांगायचा.

वेळेचं गणित सोपं आहे. 15 मिनिटं वॉर्मअप, मग 12 मिनिटांच्या 8 पाळ्या. दर पाळीला दोघं खेळतील, दोघं अंपायर, प्रत्येक नेटला 4 बोलर, उरलेले 4 कॅचिंगला. 20 सेकंदांना एक बॉल पडला तरी प्रत्येकाला 36 बॉल, म्हणजे 6 ओव्हर मिळतात. एका पाळीत बोलर 9 बॉल टाकतो. फास्ट बोलरला 4 पाळ्या पुरे, नंतर त्याला कॅचिंगला पाठवा. दमलेला खांदा चुकीचीच सवय लावून घेतो.

36 पैकी पहिल्या 24 बॉलना चेंडू जमिनीलगतच राहायला हवा. शेवटच्या 12 ला 18 रन हवेत असं सांगा, फिल्डिंग कुठं लावली तेही बोलरनं आधी बोलून दाखवावं. आउट झाला की 5 रन वजा. एवढं केलं तरी आडवेतिडवे फटके बंद होतात.

मॅटकडं दुर्लक्ष नको. आपली काळी माती वाळली की भेगाळते. वर मॅट असली तरी बॉल कधी खाली बसतो, कधी अंगावर येतो. शनिवारी संध्याकाळी मॅट काढून भेगांत चाळलेली माती भरा, पाणी मारा. सकाळी माती बोटाला चिकटेनाशी झाली की रोलर फिरवा. मॅट चारी बाजूंनी ताणून खिळे ठोका. सुरकुती नेमकी टप्प्यावर आली, तर बॅट्समनचे दात धोक्यात.

आणि एक : बॉल उचलायला वाकलेल्यानं बॅट्समनकडं पाठ करायची नाही. शेजारच्या नेटमधला फटकाही थेट येतो.