वीकेंडला कॅमेलियन घरी एकटा ठेवायचाय?

अरे, तुझा व्हेल्ड कॅमेलियन (पाळतात ती सरड्याची एक जात) पूर्ण वाढलेला आणि तब्येतीने ठणठणीत असेल तर दोन दिवस खायला नाही मिळालं तरी बिघडत नाही, मोठ्यांना तसंही एक दिवसाआड देतात. पिल्लू असेल तर मात्र रोज लागतं, मग नकोच ठेवू एकटं.

खरी काळजी पाण्याची. हे प्राणी वाटीतलं पाणी सहसा पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात, म्हणून ऑटोमॅटिक मिस्टर (पाण्याचे बारीक फवारे मारणारं यंत्र) आणि टायमर लावच, पण निघायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी लाव आणि टाकी किती दिवस पुरते, खाली पाणी कुठे साचतं ते नीट बघ. युव्हीबी (अतिनील किरणांचा दिवा) आणि बास्किंगचा, म्हणजे ऊब देणारा दिवा पण टायमरवर, साधारण 12 तास.

आणि प्लीज, जास्तीचे क्रिकेट्स (खायला देतात ते जिवंत किडे) आत सोडून जाऊ नकोस! न खाल्लेले रात्री झोपलेल्या कॅमेलियनला चावतात, जखमा होतात. मादीच्या पोटात अंडी असतील तर जाणं पुढे ढकल. शनिवारी कोणीतरी येऊन फक्त दिवे आणि पाणी बघून जाऊ दे, हात लावायचा नाही, आणि व्हेटचा नंबर पिंजऱ्यावरच चिकटव.